दक्षिण ट्रॅपमधील सागरी थर

भारतीय द्वीपकल्पाच्या पश्चिम व मध्य भागांत पसरलेल्या बेसाल्टी लाव्ह्याच्या थरांना दक्षिण ट्रॅप म्हणतात. या थरांच्या खाली, त्यांच्या दरम्यान किंवा त्यांच्यावर सागरी जीवाश्म (शिळारूप झालेले जीवांचे अवशेष) असलेले गाळाचे खडक मोजक्याच ठिकाणी आढळतात. क्षेत्र व जाडी या दोन्ही दृष्टींनी हे थर क्षुल्लक आहेत. तथापि दक्षिण ट्रॅपचा लाव्हा जमिनीवर वाहिला की समुद्राखाली, आणि तो केव्हा वाहिला, या दोन मूलभूत प्रश्नांचा उलगडा होण्यास मुख्यतः तेच कारणीभूत झाले आहेत. या शोधाचा इतिहास सु. पावणेदोनशे वर्षांचा आहे.

दक्षिण ट्रॅपने आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापलेले असून महाराष्ट्राचा सु. चार-पंचमांश भाग या खडकाचा बनलेला आहे. पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे डोंगर हे या प्रदेशाचे ठळक वैशिष्ट्य असून ‘ट्रॅप’ ही संज्ञाही पायरी किंवा जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेली आहे. पश्चिम घाटात थरांची एकूण जाडी २,००० मी.हून अधिक भरते आणि पूर्वेकडे ती कमी होत जाऊन नागपूरच्या आसपास थोड्याच मीटरांवर येते.

बालाघाटावरील छेद : मराठवाड्यातील बालाघाटाचे पठार संपूर्णपणे दक्षिण ट्रॅपचे आहे. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागणारे नेकनूर (ता. बीड) हे गाव या पठारावर वसलेले आहे. या भागात विहीर खणताना वरून खाली सामान्यतः काळी माती, मुरूम, फुटका खडक व शेवटी काळा पाषाण असा क्रम लागतो. काही ठिकाणी पाषाणाखाली गेरूसारखा तांबडा, मऊ पट्टा लागतो व त्याखाली मुरूम, फुटका खडक आणि पाषाण हाच क्रम पुन्हा सुरू होतो. खडकाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक सापडतात. ते झिओलाइट, कॅल्साइट किंवा क्वॉर्ट्‌झ या खनिजांचे असतात. काळ्या मातीत मिळणाऱ्या चुनखडीच्या खड्यांप्रमाणेच त्यांनाही कधीकधी शिंपल्यांचे अवशेष समजले जाते, परंतु त्यांचा सागराशी काहीही संबंध नाही. खडकातून पाझरणाऱ्या पाण्यात विरघळलेली द्रव्ये साचून हे स्फटिक तयार झालेले आहेत. अरबी समुद्र येथून सु. ३०० किमी. दूर आहे. अशा ठिकाणच्या खडकाबाबत सागराचा प्रश्न उपस्थित व्हावा हे आज नवलाचे वाटते, परंतु प्रारंभीच्या भूवैज्ञानिकांच्या दृष्टीने तो अगदी स्वाभाविक होता.

प्रश्नाची पार्श्वभूमी : अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपमध्ये बेसाल्टाच्या उत्पत्तीविषयी तीव्र वाद होता. बेसाल्ट हा आद्य महासागराच्या पाण्यातून साक्यासारखा तळाशी बसलेला खडक होय, असे जर्मन खनिजवैज्ञानिक आब्राहाम गोटलोप व्हेर्नर (१७४९–१८१७) यांचे प्रतिपादन होते. फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागातील बेसाल्टाचा मागोवा घेत नीकॉला देमारे हे थेट विझलेल्या ज्वालामुखींच्या मुखांपर्यंत पोहोचले व त्यांनी तो खडक अग्निज असल्याचे दाखविले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अग्निज मतच मान्य झाले. तथापि दक्षिण ट्रॅपच्या बाबतीत निराळी अडचण होती. येथील थर जवळजवळ क्षितिजसमांतर असून शेकडो किमी.पर्यंत सपाट पसरलेले दिसतात आणि व्हीस्यूव्हियससारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी पर्वत या प्रदेशात कोठेही दिसत नाही. इतकी सपाटी पाण्याखाली साचलेल्या थरांनाच येते, अशी त्या काळी समजूत होती. त्यामुळे हा लाव्हा समुद्राच्या किंवा एखाद्या विशाल सरोवराच्या तळावर पसरला असावा, असा तर्क केला जाई. सह्याद्रीचा पश्चिमेकडील उभा कडा सागरी लाटांनी कोरला असावा, या कल्पनेने त्या तर्काला पुष्टी मिळे.

प्रारंभीचे संशोधन : मुंबई सरकारच्या सेवेतील लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३० नंतरच्या दशकात लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे दख्खनच्या भूविज्ञानाविषयी निबंध सादर केला. लाव्ह्याच्या क्षितिजसमांतर थरांचे व डोंगरांच्या पायऱ्यांचे पद्धतशीर वर्णन त्यात आढळते. याच दशकात मद्रास लष्करातील शल्यवैद्य जे. जी. माल्कमसन यांना गोदावरीच्या उत्तरेकडील निर्मळच्या डोंगरांत, ट्रॅपच्या पूर्व सीमेजवळ, लाव्ह्याशी निगडित अशा गाळाच्या थरांत शंखशिंपले आढळले. त्यांचा निबंध १८३७ मध्ये वाचला गेला व १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील फायसा, लिम्निया, युनिओ इ. वंशांचे शंखशिंपले तसेच कारा या शैवलाची फळे ही सर्व गोड्या पाण्यातील होती. फायसा ही तर फुप्फुसाने हवा घेणारी गोगलगाय होय. समुद्रतळावर तिचे अस्तित्व संभवत नाही.

लाव्ह्याच्या दोन थरांच्या दरम्यान सापडणाऱ्या अशा गाळाच्या थरांना अंतरा-ट्रॅपी थर म्हणतात. त्यांच्या अभ्यासाचा पाया स्टीव्हन हिस्लॉप (१८१७–६३) यांनी घातला. स्कॉटलंडमधील फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ पासून नागपुरात होते. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याच्या साहाय्याने त्यांनी नागपूरजवळील टाकळी येथील व आसपासच्या थरांतून शंखशिंपले, बिया, फळे, लाकूड व कीटकांचे अवशेष गोळा केले. त्यांचा संयुक्त निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. फळे, लाकूड व कीटक यांचा एकत्र संचय तळ्याच्या काठी होतो, खोल समुद्रात होत नाही. त्यामुळे लाव्ह्याच्या दोन पुरांमधील काळात येथे जमीन, तळी व वनश्री होती, हे या संग्रहाने सिद्ध केले. हिस्लॉप यांचा १८६३ मध्ये, टाकळघाट परिसरातील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना, पूर आलेल्या ओढ्यात बुडून मृत्यू झाला.

ट्रॅपच्या पश्चिम टोकालाही असाच पुरावा मिळाला. मुंबईतील वरळीच्या टेकडीतील काळसर गाळाच्या थरात लहान बेडकांचे असंख्य सांगाडे सापडले. इंग्लंडमधील विख्यात शारीरविज्ञ रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. इंडोबॅट्रॅकस पुसिलस या नावाने हा बेडूक आज ओळखला जातो. मुंबईचे वैद्य एच. जे. कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूविज्ञानावर सविस्तर निबंध लिहून तेथील गोड्या पाण्यातील कासवाचेही वर्णन केले. आज समुद्राने वेढलेल्या मुंबईच्या खडकांतही दलदलीतील प्राणी सापडावेत, ही गोष्ट सागरी उत्पत्तीच्या तर्काला विशेष प्रतिकूल होती.

भूमिज उत्पत्तीची प्रस्थापना : भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेची स्थापना १८५१ मध्ये कलकत्ता येथे झाली. या संस्थेतील विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांनी पश्चिम व मध्य भारतातील ट्रॅप आणि अंतरा-ट्रॅपी थर यांविषयीचा आपला प्रबंध १८६७ मध्ये प्रसिद्ध केला व लाव्हा उघड्या जमिनीवर वाहिल्याचे मत साधार मांडले. हेन्री मेडलिकॉट यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेल्या १८७९ च्या भारतीय भूविज्ञानाच्या ग्रंथातून हे मत सर्वमान्य झाले. विहिरींत लागणाऱ्या तांबड्या पट्ट्याचे महत्त्व येथे लक्षात येते. लाव्ह्याचा एक थर थंड झाल्यावर बराच काळ ऊनपावसात उघडा राहिला, तर त्याचा पृष्ठभाग कुजून माती होते व तीतील लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तिला तांबडा रंग येतो. नंतर आलेल्या लाव्ह्याखाली ती भाजून निघते. काही ठिकाणी या पट्ट्यात ज्वालामुखी राखेचाही अंश असतो. असे पट्टे एकावर एक अनेक पातळ्यांवर आढळणे म्हणजे भूमी दर वेळी हवेत उघडी होती, याचीच नोंद होय.

लाव्हा पाण्यात शिरला असता त्याचे रूप पालटते. त्याचा बाहेरचा भाग एकदम थिजून काचमय होतो, आतला द्रव साल फोडून पुन्हा बाहेर येतो आणि उशांची रास रचल्यासारखे गोलसर पिंड तयार होतात. यास उशी-लाव्हा म्हणतात. महासागरांचे तळ बव्हंशी अशाच लाव्ह्याचे बनलेले आहेत. महाराष्ट्राच्या पठारावरील थर सामान्यतः या प्रकारचे नाहीत. मुंबई परिसरात मात्र उशी-लाव्हा व पाण्यात फुटून झालेले काचमय तुकड्यांचे खडक आढळतात. आर. एन. सुखेस्वाला व ए. पोल्डरव्हार्ट यांनी १९५८ मध्ये मुंबई भागातील बेसाल्टांचा महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मात्र केवळ उशी-लाव्ह्यावरून समुद्र सिद्ध होत नाही, कारण उथळ तळ्यात किंवा खाजणातही तो तयार होतो. मुंबईच्या अंतरा-ट्रॅपी थरांतील बेडूक व कासवे पाहता तेथील पाणी उथळ, गोडे किंवा मचूळ असावे असे दिसते.

ट्रॅपखालील थर : लाव्ह्यापूर्वी या प्रदेशात समुद्र मुळीच आला नव्हता असे नाही. नर्मदेच्या खोऱ्यातील बाघ थर हे सागरी चुनखडकांचे असून त्यांत कालवे, सागरी अर्चिन व ब्रायोझोआ यांचे जीवाश्म विपुल आहेत. पश्चिमेकडून आत आलेल्या समुद्राच्या फाट्यात ते सु. १० ते ९ कोटी वर्षांपूर्वी साचले. हा समुद्र हटल्यावर दोन कोटींहून अधिक वर्षांनी मुख्य लाव्हा आला. मधल्या काळात साचलेले लॅमेटा थर नद्या व तळी यांतील आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे त्यांतून डायनोसॉरांची हाडे व शिळारूप विष्ठा मिळाली आहेत.

बालाघाटासारख्या प्रदेशात ट्रॅपचा तळ उघडा पडत नसल्यामुळे खोल वेधनांवर अवलंबून राहावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे विनाशकारी भूकंप झाल्यानंतर तेथे ६१७ मी. खोल वेधन घेण्यात आले. त्यात बेसाल्टाची जाडी ३३८ मी. भरली. त्याखाली गाळाचा केवळ ८ मी. जाडीचा थर व नंतर प्राचीन पट्टिताश्म लागला. कोयना भागात रासाटी येथील वेधनात सु. ९३३ मी. बेसाल्ट ओलांडल्यावर गाळाचा थर मुळीच न लागता थेट ग्रॅनाइटी खडक लागला. या वेधनांच्या जागी लाव्हा आला तेव्हा प्राचीन खडकांची झिजलेली भूमी उघडी किंवा गाळाच्या पातळ आवरणाखाली होती. दीर्घकाळ सागराखाली राहिलेल्या प्रदेशात असते तशी गाळाची मोठी जाडी तेथे नाही.

राजमहेंद्री ट्रॅप : बालाघाटावर पडणारे पाणी सिंदफणा, मांजरा इ. नद्यांवाटे अखेर गोदावरीला मिळते व आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळून बंगालच्या उपसागराकडे जाते. या राजमहेंद्रीजवळ, दक्षिण ट्रॅपच्या मुख्य क्षेत्रापासून बरेच दूर, गोदावरीच्या दोन्ही तीरांवर थोड्याशा क्षेत्रात बेसाल्टाचे थर उघडे पडलेले आहेत. त्यांच्या दरम्यान चुनखडकाचा थर असून त्यात टरिटेला, सेरिथियम, कालवे इ. सागरी व खाडीतील शंखशिंपले आढळतात. हिस्लॉप यांनी १८६० च्या निबंधात त्यांचे वर्णन केले होते. म्हणजे ट्रॅपची भूमिज उत्पत्ती ज्या संशोधनाने प्रस्थापित होत होती, त्याच संशोधनाने त्याच्या पूर्व टोकाशी समुद्र असल्याचेही दाखवून दिले. लाव्ह्याखालील व दरम्यानचे असे दोन्ही सागरी थर येथे ज्वालामुखी थरांसह मिळतात, हे या स्थळाचे वैशिष्ट्य होय.

लाव्हा येथे कोठून आला, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त होता. जवळपासच्या भेगांतून तो स्वतंत्रपणे बाहेर पडला असे एक मत होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून झालेल्या रासायनिक, चुंबकीय व वयोमापनाच्या अभ्यासांतून तो पश्चिम घाटातील अंबेनळी व महाबळेश्वर शैलसमूहांशी जुळतो असे आढळले. त्यावरून स्टीव्हन सेल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे मत मांडले की, हा लाव्हा पश्चिमेकडून प्राचीन नद्यांच्या दऱ्यांतून सु. १,००० किमी. वाहत पूर्व किनाऱ्यापर्यंत आला असावा. हे खरे असल्यास ते पृथ्वीवरील सर्वांत लांब ज्ञात लाव्हाप्रवाहांपैकी ठरतात. लाव्ह्यावर थिजलेली साल आतील उष्णता राखून ठेवते आणि तिच्याखालून द्रव पुढे सरकत राहतो, म्हणून इतका लांबचा प्रवास शक्य होतो.

कालनिर्णय : गोड्या पाण्यातील शंखशिंपले दीर्घकाळ फारसे न बदलता टिकतात व प्रदेशानुसार वेगळे असतात. म्हणून ते लाव्हा जमिनीवर वाहिल्याचे सांगू शकले, परंतु केव्हा वाहिला हे त्यांवरून नेमके कळेना. हिस्लॉप यांनी अंतरा-ट्रॅपी थर तृतीय कल्पातील मानले, तर ब्लॅनफर्ड यांचा कल क्रिटेशस काळाकडे होता. पुरावनस्पतिवैज्ञानिक बिरबल सहानी यांनी १९३४ मध्ये हा प्रश्न पुन्हा उपस्थित केला व वनस्पतींच्या जीवाश्मांवरून ट्रॅप तृतीय कल्पातील असल्याचे प्रतिपादन केले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात मोहगाव कलान येथे सापडलेले निपा या ताडकुलातील वनस्पतीचे फळ हा त्यांतील एक दुवा होता. निपा आज भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या खाडीकाठीच वाढते. त्यामुळे नागपूरच्या उत्तरेकडील या अंतर्भागात कधीकाळी समुद्राचा शिरकाव झाला होता काय, अशीही शंका निर्माण झाली.

वेळेचा प्रश्न शेवटी सागरी थरांनीच सोडविला. फोरॅमिनीफेरा या एककोशिक प्राण्यांच्या समुद्रात तरंगणाऱ्या जाती जगभर पसरतात व थोड्या काळात बदलतात. म्हणून दूरदूरच्या थरांचे वय जुळविण्यास त्या अत्यंत उपयुक्त ठरतात. प्रिन्स्टन विद्यापीठातील गेर्टा केलर व त्यांच्या भारतीय आणि यूरोपीय सहकाऱ्यांनी राजमहेंद्री भागातील खाणींच्या छेदांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रॅपखालील थर क्रिटेशसच्या अंतिम भागातील आणि अंतरा-ट्रॅपी थर पॅलिओसीनच्या अगदी आरंभीचा, म्हणजे डायनोसॉरांचा व असंख्य सागरी जातींचा लोप झाल्यानंतर लगेचचा, असल्याचे त्यांना आढळले. ज्या जीवाश्मांवरून हे ठरले ते बव्हंशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान आहेत. क्रिटेशस काळाची समाप्ती सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी झाली, हे इतर साधनांनी ठाऊक असल्याने ट्रॅपचा इतिहास जगाच्या कालगणनेशी येथे जोडला गेला.

याच संशोधकांनी २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील अंतरा-ट्रॅपी थरातूनही याच काळातील तरंगते फोरॅमिनीफेरा नोंदविले. हे स्थळ आजच्या कोणत्याही किनाऱ्यापासून सहाशे किमी.हून अधिक दूर आहे. येथील बहुतेक गाळ दलदल व तळी यांतील असून केवळ एका पातळ पट्ट्यात मचूळ-सागरी खुणा दिसतात. यावरून नर्मदा-तापीच्या किंवा गोदावरीच्या खोलगट भागातून समुद्राचा फाटा काही काळ मध्य भारतापर्यंत आला असावा, असे अनुमान त्यांनी काढले. ते सर्वांना मान्य झालेले नसले, तरी निपाच्या फळाने निर्माण केलेली शंका त्यामुळे पुन्हा विचारार्ह ठरली आहे.

लाव्ह्याच्या उद्रेकांचा या जीवलोपाशी कितपत संबंध होता, हा आजही वादाचा विषय आहे. १९८० मध्ये लुइस व वॉल्टर अल्व्हारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीवलोपाचे कारण पृथ्वीवर आदळलेला लघुग्रह हे असल्याचे मांडले. केलर यांनी मात्र दक्षिण ट्रॅपमधील उद्रेकांवर भर दिला. ब्लेअर शोन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पश्चिम घाटातील लाव्हाथरांदरम्यानच्या गाळातून व तांबड्या पट्ट्यांतून झिर्‌कॉनचे सूक्ष्म स्फटिक वेगळे काढून त्यांचे वय मोजले. त्यानुसार मुख्य उद्रेक जीवलोपापूर्वी सु. अडीच लाख वर्षे सुरू होऊन एकूण सु. साडेसात लाख वर्षे चालले. जीवलोपापूर्वी किती व नंतर किती लाव्हा बाहेर पडला, याविषयी २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन स्वतंत्र अभ्यासांचे निष्कर्ष भिन्न आहेत.

व्यावहारिक महत्त्व : लाव्हा जमिनीवर वाहिला की समुद्राखाली, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राच्या तळाशी काही भागांत दक्षिण ट्रॅपचाच बेसाल्ट आहे. उद्रेकांनंतर पश्चिम किनारपट्टी खचल्यामुळे तो समुद्राखाली गेला व त्यावर सागरी गाळाचे जाड थर साचले. तेथील तेल मुख्यत्वे या नंतरच्या चुनखडकांत आहे. राजमहेंद्री भागात ट्रॅपवर वालुकाश्माचे थर असून सच्छिद्रतेमुळे त्यांत भूजलाचा चांगला साठा होतो.

बालाघाटावर यांपैकी काहीही नाही. तेथे लाव्ह्यावर समुद्र आला नाही आणि वाळूचे जाड थरही साचले नाहीत. घट्ट बेसाल्टात स्वतःची अशी सच्छिद्रता जवळजवळ नसते. पाणी राहते ते वरच्या मुरमात, फुटक्या खडकाच्या सांध्यांत आणि दोन लाव्हाथरांच्या संधीवरील कुजलेल्या, पोकळ्यांच्या भागात. पाणी धरणाऱ्या अशा मुरमातूनही त्याच्या घनफळाच्या सामान्यतः एक ते तीन टक्केच पाणी उपसता येते. तांबडा पट्टा चिकणमातीचा असल्याने पाणी त्यातून सहजी खाली जात नाही व त्याच्या वरच्या बाजूस साचते. म्हणून विहीर कोठे घ्यावी व किती खोल न्यावी, हे पुष्कळदा या पट्ट्यावरून ठरते. १९७२ च्या दुष्काळानंतर बीड जिल्ह्यात विहिरी व विंधनविहिरी मोठ्या प्रमाणावर घेण्यात आल्या. तथापि २०१२-१३ व २०१५-१६ मधील टंचाईने खडकाची मर्यादा पुन्हा स्पष्ट केली. खोल गेल्याने नवा साठा मिळेलच असे नाही, कारण खाली एकामागून एक लाव्ह्याचेच थर आहेत आणि त्यांत मुरते ते वरून पडणारे पाऊसपाणीच. पाझर तलाव, बांधबंदिस्ती व उपशावर नियंत्रण हे उपाय त्यामुळे येथे अपरिहार्य ठरतात. एकोणिसाव्या शतकात शंखशिंपल्यांनी लाव्ह्याच्या दोन पुरांमधील ज्या भूपृष्ठांचा पुरावा दिला, तशाच भूपृष्ठांच्या कुजलेल्या थरांवर नेकनूरसारख्या गावांतील विहिरींचे पाणी आज अवलंबून आहे.